वाफ्यावर काय पसरायचं? सेंद्रिय आच्छादन निवडण्याची रीत

मार्च संपता संपता भर दुपारी उघड्या वाफ्यातल्या मातीवर तळहात टेकवून बघा. लगेच शेजारच्या आंब्याखालचा पाचोळा बाजूला सारा आणि तिथल्या मातीवर हात ठेवा. आच्छादन कशासाठी, याचं उत्तर एवढ्यात मिळतं, म्हणून फायद्यांची यादी इथे देत नाही. खरी अडचण पुढची आहे. पसरायचं काय? पाचट (उसाची वाळलेली पानं), पेंढा, तूस (भाताच्या दाण्यावरचं टरफल), नारळाची सोडणं, सुताराकडची छिलपं, पाचोळा, गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला, की रोपवाटिकेत पिशवीतून मिळणारी ती देखणी साल?

परदेशी बागकामाच्या सल्ल्यात उत्तर ठरलेलं असतं: दोन-तीन इंच झाडाची साल, बारा महिने. तिकडच्या हवेला ते ठीक असेल. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग ऑक्टोबरचा उकाडा, आणि पुढचे सहा-सात महिने जवळजवळ कोरडे. मे महिन्यात जे आच्छादन रोप जगवतं, तेच जुलैत त्याची मुळं कुजवू शकतं. म्हणून निवड करताना दोनच प्रश्न आधी सोडवावेत. हे आच्छादन किती दिवस टिकायला हवं? आणि ते कोणत्या महिन्यांतून जाणार आहे? रंग आणि देखणेपणा त्यानंतर.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी मांडलेल्या नैसर्गिक शेतीत बीजामृत (बियाण्याला चोळायचं), जीवामृत (शेण-गोमूत्राचं मिश्रण), आच्छादन आणि वाफसा असे चार आधार आहेत. यातले शेवटचे दोन सुटे करून चालत नाही. मुळांशी ओलही हवी आणि हवाही हवी, तो वाफसा. आच्छादनाखालची माती मुठीत दाबली तर तिचा लाडू व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा. हाताला चिखल लागला तर आच्छादन चुकलंय, मग ते कितीही चांगल्या मालाचं असो.

पायरी पहिली: वाफ्यात जे आहे ते किती दिवसांचं?

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा ही महिना-दीड महिन्याची पिकं. बी फोकून पेरलं असेल तर वर जाड काही पसरू नका, कोंब खाली अडकतात. ओळीत पेरलं असेल तर रोपं बोटभर झाल्यावर दोन ओळींमधल्या पट्ट्यात चुरलेला पाचोळा किंवा सोयाबीनचं भुसकट टाका, जेमतेम इंचभर. इथे लवकर कुजणारंच हवं. भाजी उपटली की वाफा पुन्हा खणायचा असतो आणि तेव्हा अर्धवट कुजलेली काडं मातीत मिसळणं त्रासाचं ठरतं. कसं, ते पुढे येईल.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी चार-सहा महिने जागा धरून बसतात. त्यांना मध्यम टिकणारं लागतं: पाचट, भाताचा पेंढा, गव्हाचं काड. रोप वीतभर होईपर्यंत थांबा. काकडी किंवा भोपळ्याचा वेल जमिनीवरच पसरणार असेल तर फळाखाली काडाचा थर हवाच. फळ ओल्या मातीला टेकत नाही, त्यामुळे सडही कमी होते.

हळद आणि आल्याची गोष्ट वेगळी आहे. मे-जूनमध्ये कंद लावल्याबरोबर वरून हिरव्या-सुक्या पाल्याचा चांगला थर दिला तरी चालतो, कारण कंदाचा कोंब जोरकस असतो आणि पाला भेदून वर येतो. आठ-नऊ महिन्यांच्या या पिकाला पहिला थर कुजल्यावर दुसरा द्यावा लागतो. अट एकच: लागवड गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर हवी. सपाट वाफ्यात पाणी साचलं की कंदकुज येते आणि आच्छादन तिला हातभार लावतं.

गुलाब, मोगरा, जास्वंद आणि फळझाडं ही वर्षानुवर्षांची मंडळी. इथे हळू कुजणारा जाडाभरडा माल शोभतो. फक्त लिंबूवर्गीय झाडांच्या खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवा. ओला पाला बुंध्याला टेकून राहिला की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक पाझरणाऱ्या रोगाला, आमंत्रण मिळतं. गुलाबाच्या कलमाचा जोडही झाकू नये.

संत्रं, मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. त्या दिवसांत खाली जाड आच्छादन असेल तर जमिनीतली ओल हटत नाही आणि ताण नीट बसत नाही. ताणाच्या आधी आच्छादन ओढून बांधावर ठेवा, पाणी सुरू केल्यावर परत घाला. घरच्या दोन झाडांसाठी हे कुणी सांगत नाही, आणि मग झाड हिरवंगार पण फूल नाही अशी तक्रार ऐकू येते.

कोरफड, निवडुंग, ॲडेनियम यांना सेंद्रिय आच्छादन देऊच नका. बारीक खडी पुरे.

पायरी दुसरी: माती कोणती, महिना कोणता?

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या मुळं तोडतात आणि आतली ओल उडवतात. तिथे फेब्रुवारी ते मे जाड आच्छादन हवं. पावसाळ्यात हीच माती पाणी धरून बसते. मग जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की थर अर्ध्यावर आणा, आणि वाफा सखल असेल तर भाजीच्या रोपांभोवतीचा सगळाच काढा.

कोकणातल्या जांभ्या मातीत हिशेब उलटा. पाणी झटकन निचरून जातं, पण पावसाचा मारा उघड्या मातीला झोडपतो आणि वरचा कसदार थर वाहून नेतो. तिथे पावसाळ्यातही आच्छादन ठेवायचं, फक्त जाडंभरडं: झावळ्यांचे तुकडे, सोडणं, फांद्यांची काटकी. बारीक पाचोळा उतारावरून पाण्याबरोबर जातो किंवा चोथा होऊन बसतो.

मधल्या पट्ट्यातल्या मुरमाड, हलक्या जमिनीत वर्षभर थोडं ना थोडं आच्छादन असलेलं बरं. आणि ऑक्टोबर विसरू नका. पाऊस थांबतो, ऊन चढतं, मातीत भरपूर ओल असते. ती ओल कोंडून ठेवायची हीच वेळ. बहुतेक लोक मार्चमध्ये जागे होतात, तोवर अर्धी ओल उडालेली असते.

पायरी तिसरी: तुमच्या हाताशी काय आहे?

वजनाला हलका पण आकाराने मोठा असा हा माल आहे. लांबून आणला तर मालापेक्षा टेम्पोचं भाडं जास्त होतं. म्हणून आधी दोन-चार किलोमीटरच्या आत काय फुकट किंवा स्वस्त मिळतं ते पाहा.

त्याआधी थोडं रसायन. प्रत्येक सेंद्रिय पदार्थात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं एक प्रमाण असतं. गिरिपुष्पाच्या पाल्यात किंवा ताज्या गवतात नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण १५ ते २० भाग. सुक्या पानांत ४० ते ८०. भाताच्या पेंढ्यात आणि गव्हाच्या काडात ८० च्या आसपास, उसाच्या पाचटात १०० च्या वर, लाकडाच्या भुशात तर कित्येक शे. कुजवणाऱ्या जिवाणूंना २५-३० च्या आसपासचं प्रमाण मानवतं. त्यापेक्षा कर्ब फार जास्त असेल तर ते कमी पडणारं नत्र मातीतून उचलतात आणि तेवढ्या काळापुरतं पीक पिवळं पडतं. पण हे मुख्यतः माल मातीत मिसळला तर होतं. वर नुसता पसरला तर फक्त मातीला टेकलेल्या पातळ थरात ही ओढाताण चालते, खोल मुळांना ती जाणवतही नाही. म्हणून भुसा वाईट नसतो, भुसा खणून आत घालणं वाईट असतं. हेच प्रमाण टिकाऊपणाही सांगतं. आकडा लहान तितकं लवकर कुजणार, मोठा तितकं जास्त टिकणार.

*पाचोळा.* शहरात राहणाऱ्याला यापेक्षा चांगलं काही सुचवायची गरज नाही. जानेवारी ते एप्रिल रस्त्यारस्त्यांवर पोती भरून मिळतो आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. पानापानांत मात्र फरक असतो. रेन ट्री, गुलमोहर, चिंच यांची बारीक पर्णिका तशीच पसरता येते, मऊ बसते, लवकर कुजते. आंबा, फणस, वड यांची पानं चिवट, त्यांना वेळ लागतो. साग आणि बदामाची मोठी पानं सपाट थाळीसारखी एकावर एक बसतात आणि वरून घातलेलं पाणी बाजूला ओघळून जातं. ती पोत्यात भरून पायाने तुडवून चुरा केल्याशिवाय वापरू नका. निलगिरी आणि सुरूचा पाला रोपांच्या वाफ्यात नको, त्यातली द्रव्यं बी उगवायला आणि कोवळी वाढ व्हायला अडथळा करतात. वाटेवर टाकायला तो उत्तम. रस्त्यावरून आणलेल्या पोत्यात प्लॅस्टिक, काच आणि गुटख्याच्या पुड्या निघणारच, हातमोजे घालून निवडा.

*उसाचं पाचट.* पश्चिम महाराष्ट्रात याला तोड नाही. एका हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं आणि अजूनही बरंचसं काडी लावून पेटवलं जातं. गळीत हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं तर ट्रॉलीभर मिळायला अडचण नसते. पानांच्या कडा हात कापतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. कोयत्याने वीतभर तुकडे करून पसरलं की वाऱ्याने उडत नाही आणि पाणी खाली जाऊ देतं. एका उन्हाळ्याला आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आरामात पुरतं.

*रसवंतीची चिपाडं.* उन्हाळ्यात प्रत्येक नाक्यावर याचे ढीग लागतात आणि मालक ती न्यायला आनंदाने परवानगी देतो. ताजी मात्र पसरू नका. उरलेल्या साखरेमुळे मुंग्या येतात आणि आंबूस वास सुटतो. एकदा पाण्यात बुचकळून काढा, आठवडाभर उन्हात खडखडीत वाळवा, मग तुकडे करा. वाळवीला हा माल आवडतो, म्हणून ज्या अंगणात तिचा त्रास आहे तिथे टाळलेलाच बरा.

*भाताचा पेंढा, म्हणजे विदर्भातलं तणस, आणि गव्हाचं काड.* भाजीच्या वाफ्याला सर्वांत समतोल. हवा खेळती राहते, पसरायला सोपं. अडचण एवढीच की पेंढा गुरांचं खाणं आहे, त्यामुळे कोकणात तो सहजासहजी कुणी देत नाही. गोठ्यात गुरांच्या पायाखाली गेलेला, खायच्या लायक न उरलेला पेंढा मागा. शेण-गोमूत्र लागल्यामुळे तो उलट अधिक चांगला. ज्वारीचा कडबा मात्र बागेत पसरायला मागाल तर गावात लोक वेड्यात काढतील, आणि ते बरोबरच असेल.

*सोयाबीनचं भुसकट, तुरीचं-हरभऱ्याचं कुटार.* द्विदल पिकांचं असल्याने यात नत्र थोडं बरं असतं, महिन्या-दोन महिन्यांत कुजतं. पालेभाजीला छान. वारा असेल तर पसरल्यावर लगेच पाणी शिंपडा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मात्र घरी आणू नका. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडलेली असते.

*भाताचं तूस.* गिरणीवर फुकटात मिळतं म्हणून लोक पोती भरून आणतात. त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे कुजायला फार वेळ लागतो. ते हलकं असल्याने वाऱ्याने उडतं आणि पहिल्या सरीत तरंगत वाफ्याबाहेर जातं. नुसतं न वापरता खाली इंचभर तूस आणि वर पाचट किंवा झावळीचे तुकडे असा थर द्या. कुंड्यांत मात्र एकटंही चालतं. त्यात राहिलेल्या दाण्यांसाठी चिमण्या येतील, आणि उंदीरही.

*नारळाची सोडणं आणि झावळ्या.* कोकण-गोव्यात यांच्याशिवाय आच्छादनाचा विचार होऊ शकत नाही. माडाच्या अळ्यात सोडणं पसरताना पाठ वर आणि पोकळ बाजू जमिनीकडे ठेवायची. उताणी ठेवली तर प्रत्येक सोडणात पाणी साचतं आणि डास होतात. चर खणून पुरायची असतील तर मात्र पोकळ बाजू वर, म्हणजे ती पाणी धरतात. पुरलेल्या सोडणांचा उपयोग पाच-सात वर्षं होतो. सोडणात पालाश (पोटॅश) चांगलं असतं, हा वरचा फायदा. काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट ताजा असेल तर त्यात क्षार आणि टॅनिन जास्त असतात. दोन-तीन पाण्यांत धुऊन मगच वापरा. वाळल्यावर त्याचा वरचा थर असा कोरडा होतो की पाणी आत शिरायला वेळ घेतं, म्हणून एकट्या कोकोपीटचं आच्छादन मला फारसं पटत नाही.

*लाकडाचा भुसा, छिलपं, फांद्यांचा चुरा.* वखारीतला बारीक भुसा पावसात घट्ट बसून पापुद्रा धरतो. रंध्याची छिलपं त्यापेक्षा मोकळी राहतात. फळझाडं आणि फुलझाडांना द्या, भाजीला नको. सुताराला एकच प्रश्न विचारा: लाकूड कोणतं? प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड कापलेला भुसा असेल तर नको, त्यात रासायनिक गोंद असतो. पॉलिश किंवा रंग लागलेलाही नको. छिलपांच्या खाली मूठ-दोन मूठ शेणखत किंवा निंबोळी पेंड टाकली की नत्राची चणचण भासत नाही.

*गिरिपुष्पाचा पाला.* बांधावर एक झाड असेल तर वर्षातून दोन-तीनदा छाटून हिरवा पाला मिळतो. हे आच्छादन कमी आणि खत जास्त. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत नाहीसं होतं. वांगी-मिरचीला फुलं लागायच्या सुमाराला पाचटाच्या खाली याचा पातळ थर द्या. सुबाभळीचा पालाही असाच गुणी, पण शेंगा धरायच्या आधीच कापा. एकदा बी वाफ्यात पडलं की पुढची कित्येक वर्षं रोपं उपटत बसावी लागतात.

*ताजं कापलेलं गवत* एकदम जाड टाकलं तर आत तापतं आणि बुरसट लगदा होतो. दिवसभर वाळवून पातळ पसरा. हरळी, लव्हाळा, कुंदा यांपैकी काहीही असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका. यांची मुळी पुन्हा धरते. लव्हाळा तर प्लॅस्टिकसुद्धा भोसकून वर येतो, आच्छादनाने तो मरेल या आशेवर राहू नका. गाजरगवत फुलण्याआधी कापलेलं चालतं, पण अंगाला खाज आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्याला हात लावू नये.

शेंगांची टरफलं चांगली असतात, दिसतातही नीट, फक्त खाऱ्या शेंगदाण्यांची नसावीत. पुठ्ठा मुख्य आच्छादनाखालचा एक थर म्हणून ठीक आहे, चिकटपट्टी आणि चकचकीत छापील भाग काढून आणि पूर्ण भिजवून. आणि पिशवीतली साल? घ्यायला हरकत नाही, पण दाराशी मांडलेल्या दोन कुंड्यांच्या सजावटीसाठी. त्या पैशांत आख्ख्या परसाला पुरेल एवढं पाचट येतं.

पायरी चौथी: आणलेला माल तपासा

वास घ्या. मातीसारखा किंवा सुक्या गवतासारखा वास ठीक. आंबट, दारूसारखा किंवा कुजका वास आला तर दोन-तीन दिवस पसरून वारा द्या.

तणनाशकाची शंका गहू आणि उसाच्या मालाबद्दल घ्यायला हवी. या एकदल पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी सर्रास मारतात, आणि आपली टोमॅटो-मिरची रुंद पानांचीच. शेतकऱ्याला विचारा, आणि तरी खात्री नसेल तर मेथीची चाचणी करा. थोडं काड रात्रभर पाण्यात भिजवा, ते पाणी एका कुंडीला घालून मेथी पेरा, दुसऱ्या कुंडीला साधं पाणी. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. आठवडा-दहा दिवसांत पहिल्या कुंडीतली रोपं पिळवटलेली, पानं वळलेली दिसली तर तो माल वाटेवर टाका.

तणाचं बी पाहायचं असेल तर मूठभर माल ओल्या मातीवर पसरून दहा दिवस सावलीत ठेवा. काय उगवतं ते दिसतं. रोगट पानं निवडून काढा, विशेषतः टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांचा पाला याच कुळातल्या पिकाखाली पुन्हा नको.

पायरी पाचवी: किती लागेल?

एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे ५० लिटर माल. समजा वाफा ४ फूट बाय १० फूट आहे आणि थर ३ इंच हवा आहे. ते होतात १० घनफूट, म्हणजे साधारण २८० लिटर. धान्याचं ५० किलोचं पोतं ६०-७० लिटरचं असतं, म्हणजे चार-साडेचार पोती. पाचोळा मात्र महिन्याभरात दबून निम्मा होतो, त्यासाठी आठ-नऊ पोती धरा. हे ऐकून लोक दचकतात. वाफ्यावर नुसती शिंपडल्यासारखी पानं टाकून उपयोग होत नाही, तण आरामात वर येतं. माल कमी असेल तर एकच वाफा नीट झाका आणि दुसरा पुढच्या खेपेला ठेवा.

बारीक मालाचा थर एक ते दीड इंच, काड-पाचटाचा तीन इंच, जाड्याभरड्याचा चारपर्यंत. कुंडीत इंचभर पुरे.

पायरी सहावी: पसरणं

तण उपटा. मातीवर अर्धा इंच कंपोस्ट किंवा गांडूळखत पसरा. ते उघडं ठेवलं तर उन्हाने सुकून त्यातले जिवाणू मरतात, आच्छादनाखाली ते काम करत राहतं. मग भरपूर पाणी द्या, खोलवर. कोरड्या मातीवर आच्छादन टाकलं तर तुम्ही कोरडेपणाच कोंडून ठेवता. ठिबकची नळी असेल तर ती मातीवर, आच्छादनाच्या खाली. आता माल पसरा, भाजीच्या रोपापासून दोन-तीन इंच आणि झाडाच्या बुंध्यापासून फूटभर अंतर ठेवून. फळझाडाला बुंध्याशी ढीग करण्यात अर्थ नाही. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात, आच्छादन तिथवर न्या. शेवटी वरून हलकं पाणी शिंपडून माल बसवा.

पाचट किंवा चिपाडासारखा चिवट माल लवकर कुजावा असं वाटत असेल तर जीवामृत शिंपडा. पाळेकरांच्या २०० लिटरच्या मापाचा दहावा भाग घरी पुरतो: २० लिटर पाणी, १ किलो देशी गायीचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. शेण-गोमूत्र मिळत नसेल तर पातळ ताकाचं पाणीही काही प्रमाणात काम भागवतं.

पायरी सातवी: नंतरची देखरेख

पाण्याचा हिशेब बदला. पूर्वी रोज पाणी घालत असाल तर आता आच्छादन बाजूला सारून बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर पाणी नको. आच्छादन घालूनही जुन्याच सवयीने पाणी दिल्यामुळे मेलेली रोपं कोरडेपणाने मेलेल्यांपेक्षा कमी नसतात.

पावसाळ्यात गोगलगाई येतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, तेव्हापासून त्यांना कुणी हलक्यात घेत नाही. ओलं, गार आच्छादन ही त्यांची दिवसाची लपायची जागा. रोपांभोवती वीतभर माती उघडी ठेवा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात टाकू नका.

वाळवी कोरड्या, लाकडी मालाकडे जास्त येते. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटीपासून हात-दोन हात अंतर सोडा आणि मालाखाली निंबोळी पेंड टाका. कुजण्याच्या काळात पांढरी बुरशी किंवा छत्र्या दिसल्या तर घाबरू नका, त्या मेलेल्या पाल्यावर जगतात. मालाला आंबूस वास येऊन खाली चिखल दिसला तर मात्र थर उलटापालटा करून पातळ करा.

कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, सुक्या पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप बसतो आणि तो पानांच्या रंगात मिसळून जातो. पाचोळा कधीही नुसत्या हाताने उचलू नका. आधी लांब काठीने हलवा, पायात बूट घाला, अंधारात त्यात हात घालू नका. घोणस आणि विंचू देशावरही असतातच. मुलं खेळतात त्या भागात पाचोळ्याऐवजी छिलपं किंवा टरफलं बरी.

एप्रिल-मेत सुका थर पेट घेऊ शकतो. गच्चीवर सिगारेट ओढणारं कुणी असेल किंवा दिवाळीत फटाके उडत असतील तर वरचा थर ओला ठेवा.

गच्चीवर ओल्या आच्छादनाचं वजन वाढतं हेही लक्षात असू द्या. जुन्या इमारतीत मोठ्या वाफ्यांवर पाचटाचे जाड थर चढवण्यापेक्षा पाचोळ्याचा पातळ थर दर महिन्याला बदलत राहा.

जूनच्या पहिल्या पावसानंतर दाताळं घेऊन वाफ्यावरचा अर्धा-पाऊण माल ओढून कडेला ढीग करा आणि त्यात थोडं शेण घालून कंपोस्टला लावा. ऑक्टोबरात नवं आच्छादन घालायच्या वेळी तोच ढीग अर्धा इंच थरासाठी तयार झालेला असतो.